फुकटचे साडेचार वॅट

सोमवारी सकाळी सव्वाआठ वाजता, इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, गाडीने बचतरावांना कळवलं की तुमचे पुढचे दोन्ही पार्किंग दिवे गेले. आधी 'टुंग' असा आवाज झाला, मग वेगाच्या काट्याखालच्या इवल्याशा पडद्यावर पिवळी अक्षरं उमटली : डावा पार्किंग दिवा बंद, तपासा. ती वाचून होताहेत तोवर पुन्हा टुंग, आणि उजव्याचीही तीच बातमी. बचतरावांनी मान वर केली. समोर चार हातांवर तळघराची भिंत होती आणि त्या भिंतीवर दोन्ही दिव्यांचा पांढराशुभ्र उजेड पडला होता, इतका स्वच्छ की रंगाचे पोपडेसुद्धा एकेक करून दिसत होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. खाली उतरले, पुढे जाऊन वाकले, दिव्यासमोर तळहात धरला. तळहात उजळला. परत येऊन बसले, तर पडदा आपल्या मतावर ठाम. "अगं बाई, चालू आहेत ना," ते गाडीला म्हणाले आणि आपण मोठ्याने बोललो हे ध्यानात येऊन त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. एकट्याने मोठ्याने बोलणं म्हणजे त्यांच्या लेखी निव्वळ उधळपट्टी होती, आणि गाडीशी बोलणं तर त्याहून.

बचतराव हे नाव त्यांना मेहुणीने दिलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं होतं की त्यांच्या बायकोच्या फोनमध्येही तेच होतं. धंद्याने ते ऊर्जा तपासनीस. कारखाने, दवाखाने, मोठाल्या कचेऱ्या त्यांना बोलावत, आणि ते खांद्याला मीटरची पिशवी अडकवून तिथली वीज कुठून गळते ते शोधत. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा, सुट्टीच्या दिवशी गार होणारं सभागृह, कुणी न वापरता रात्रंदिवस तापत राहिलेलं पाण्याचं भांडं, हे सगळं त्यांना चालता चालता दिसे. एखाद्या वैद्याला बसमध्ये समोर बसलेल्याचा आजार दिसावा, तसं. स्वतःच्या घरात तर त्यांनी एकही जुना बल्ब शिल्लक ठेवला नव्हता. बाथरूममध्ये कुणी चार मिनिटं हललं नाही तर दिवा आपोआप जाई. त्यामुळे त्यांच्याकडे पाहुणे म्हणून आलेल्या मेहुणीला एकदा न्हाणीघरात अंधारात हात ओवाळत उभं राहावं लागलं होतं. "भावजी," ती बाहेर येऊन म्हणाली होती, "तोंडालाही असलाच टायमर लावलाय का हो तुम्ही?" सगळे हसले, बचतरावही हसले. पण थोडकं. घरातलं सगळं झाल्यावर राहिली होती ती गाडी, आणि गाडीतले ते पुढचे दोन पिवळट पार्किंग बल्ब. पाच-पाच वॅटचे. त्यांच्या जागी अर्ध्या अर्ध्या वॅटचे एलईडी रविवारी दुपारी त्यांनी स्वतःच्या हाताने बसवले. डावा लागेना, तेव्हा ते जराही गडबडले नाहीत. एलईडी एकाच बाजूने वीज घेतो, उलटा बसला तर मुकाट राहतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तो काढला, फिरवून बसवला, आणि तो लागला. नव्वद टक्के बचत. कुणाला सांगण्यासारखी गोष्ट होती, पण त्यांनी ती कुणाला सांगितली नाही.

बायको तेवढ्यात खाली आली होती, कचऱ्याची पिशवी घेऊन. ती रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होती आणि रंग जुळवण्यात तिचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. इतरांना जिथे एक पांढरा दिसे तिथे तिला बारा दिसत, आणि त्यातले दोन तिला मुळीच आवडत नसत. ती दिव्यांकडे बघत उभी राहिली. "निळ्याकडे झुकलाय," ती म्हणाली. "आजारी माणसाच्या डोळ्यांसारखा पांढरा आहे." मग थांबली. आपण काहीतरी म्हणू म्हणून थांबली असणार, हे बचतरावांना आत्ता, सोमवारी, गाडीत बसल्यावर कळलं. त्या वेळी ते स्क्रू घट्ट करत होते. "हं," ते म्हणाले होते. ती थोडा वेळ उभी राहिली आणि पिशवी टाकून वर गेली.

आणि मग रविवारची संध्याकाळ. जेवण झाल्यावर तिने एक पत्र त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं. तिच्या कारखान्याची नवी शाखा निघत होती, नऊ तासांच्या अंतरावर. तिथली प्रयोगशाळा पहिल्या विटेपासून तिने उभी करायची, कामाची माणसं तिनेच निवडायची, मुदत तीन वर्षं. शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. बचतरावांनी पत्र वाचलं. पहिल्या पानाच्या शेवटी ते थांबले. घर दिसलं त्यांना, तिच्याशिवायचं, आणि त्या घरात चार मिनिटांनी आपोआप जाणारे दिवे. त्याच वेळी हेही दिसलं की या जागेवर तिच्याइतकं शोभेल असं माणूस नाही, आणि ती गेली नाही तर चूक होईल. दोन्ही एकदम वाटलं. दोन्ही सांगायला बरेच शब्द लागले असते. "काय करू?" तिने विचारलं. बचतराव म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर." त्यांना खरोखर वाटलं होतं की आपण मोठ्या मनाने बोललो. आपल्या भीतीचं ओझं तिच्या अंगावर टाकलं नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली, इतका वेळ की त्यांना आपल्या तोंडाला काही लागलंय की काय असं वाटलं. मग तिने विचारलं, "तू आहेस ना इथे?" "म्हणजे?" "काही नाही," ती म्हणाली, आणि ताटं उचलून आत गेली.

सोमवारी दिवसभर बचतराव पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात होते. गरम खळीचा वास, कापल्या जाणाऱ्या पुठ्ठ्याचा करकर आवाज आणि छताखाली ओळीने पेटलेले बावन्न दिवे. ते लिहीत होते, मोजत होते, पण मनात सारखी ती पिवळी अक्षरं येत होती. गाडी खोटं बोलत नव्हती. तिला तसंच दिसत होतं, नव्हे, तिला दिसतच नव्हतं. आणि उजेड तर होता. मग चूक कुणाची? या प्रश्नाने त्यांना एवढं का पछाडावं हे त्यांना कळेना. दुपारी फोरमनने त्यांना चहा देताना सहज विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" आणि बचतराव चक्क दचकले. ठीक म्हणजे काय? भांडण नव्हतं. त्यांच्या घरी भांडण कधीच होत नसे, हा त्यांचा अभिमानाचा विषय होता. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. घरात दोघंच. पहिल्या काही वर्षांत ती आल्या आल्या दिवसभराचं सांगायची : कोण कुणाला काय म्हणालं, कुठला हिरवा बिघडला, बसमध्ये कुणाच्या पिशवीतून मांजर निघालं. ते ऐकायचे. मन लावून ऐकायचे. त्यांना ते सगळं आजही आठवत होतं, मांजराच्या कानावरच्या डागासकट. फक्त ऐकताना ते काही बोलत नसत. ऐकलं आहे हे माहीत असताना 'ऐकलं' म्हणून सांगायचं कशाला? ज्यातून उजेड वाढत नाही ते जाळायचं कशाला?

हे कशाला-कशाला त्यांना वारशाने मिळालं होतं. वडील घरभर फिरून दिवे घालवायचे. "माणूस नाही तिथे उजेड कुणाला दाखवायचा?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि वर्षभरात वडील जेवढं बोलत त्यात हेच वाक्य सगळ्यांत मोठं असावं. एकदा, बचतराव तेव्हा आठ-नऊ वर्षांचे असतील, वडिलांनी बाहेरून जाता जाता स्वयंपाकघराचा दिवा घालवला. आई आत होती. कांदा चिरत होती. तिने हाक मारली नाही. बचतराव दाराशी उभे होते आणि अंधारातून सुरीचा आवाज येत होता, टक टक टक, तसाच, त्याच वेगाने. "आई, दिवा लावू?" त्यांनी विचारलं. "राहू दे रे," ती म्हणाली, "सवय आहे." त्या वेळी त्यांना आईचं कौतुक वाटलं होतं. अंधारात कांदा चिरणारी आई! शाळेत त्यांनी ते दोघातिघांना सांगितलंही. आज त्या करकरणाऱ्या पुठ्ठ्यांमध्ये, हातात चहाचा कप घेऊन उभं असताना त्यांना पहिल्यांदाच वाटलं की तिने चिरणं थांबवलं असतं, ओरडली असती, तर बरं झालं असतं. वडिलांना कळलं असतं की आत कुणीतरी आहे. चहा गार झाला होता तो त्यांनी तसाच पिऊन टाकला.

मंगळवारी आणखी एक निघालं. संध्याकाळी गाडी लावून, कुलूप करून बचतराव लिफ्टकडे निघाले होते. मागे वळून पाहतात तर बंद गाडीचे दोन्ही पार्किंग दिवे हलकेच लुकलुकले. थांबले. पुन्हा लुकलुकले. कुणी डोळे मिचकावावेत तसे, पण त्यात थट्टा नव्हती. ते तिथेच खांबाला टेकून पाहत राहिले. वर घरी बायको आली असणार, आणि गेले दोन दिवस ती त्यांच्याशी फार चांगली वागत होती. हेच तर भयंकर होतं. पाणी दिलं तर 'थँक्यू' म्हणत होती. गार लागतंय का विचारलं तर 'नाही, ठीक आहे' म्हणत होती. कारखान्यातलं काही सांगत नव्हती, पत्राचं काही विचारत नव्हती, दिव्यांच्या निळेपणावर पुन्हा काही बोलली नव्हती. सगळं शांत. दुसऱ्या कुणाच्या घरी अशी शांतता पाहून बचतरावांनी शाबासकी दिली असती. आपल्या घरी मात्र ती त्यांच्या छातीवर बसली. बायको जाईल, एवढ्याचीच भीती नव्हती. तीन वर्षं काय, बघता बघता जातात. पण या शांततेतून उठून गेलेल्या माणसाला परत यायला कारण काय उरतं? गेली तर ती तीन वर्षांसाठी जाणार की कायमची, हे शुक्रवारी ठरणार होतं, आणि ते कदाचित ठरूनही गेलं होतं. दिवे तिसऱ्यांदा लुकलुकले. बचतराव वर गेले. "आलास?" ती म्हणाली. "हं," ते म्हणाले आणि त्यांची त्यांनाच चीड आली.

बुधवारी दुपारी त्यांनी काम अर्धवट टाकलं, जे त्यांनी आयुष्यात क्वचित केलं होतं, आणि गाडी मास्तरांकडे नेली. मास्तर म्हणजे गाड्यांच्या विजेचं काम करणारे; साठीच्या पुढचे, चष्मा कपाळावर, आणि बोलणं असं की एकदा सुरू झालं की त्याला ब्रेक नाही. दुकान म्हणजे एक लांबट गाळा, भिंतीभर वायरींची वेटोळी, रंगारंगाची. बचतरावांनी चार शब्दांत तक्रार सांगितली. मास्तरांनी बॉनेट उघडलं, दिव्यांत डोकावून पाहिलं आणि आनंदाने मांडीवर थाप मारली. "एलईडी घातलेत! स्वतः घातलेत ना? उत्तम. काम स्वच्छ आहे तुमचं, चूक फक्त समजुतीची आहे. साहेब, तुम्हाला काय वाटतं, गाडीला तुमचा उजेड दिसतो?"

"म्हणजे?"

"तिला डोळे कुठे आहेत? ती करंट मोजते. बल्ब पाच वॅट खायचा. तेवढे गेले की तिला कळायचं, आहे बाबा, जिवंत आहे. आता हा तुमचा शहाणा अर्ध्या वॅटात भागवतो. तिला वाटतं, तिकडे कुणी घेतच नाही काही, म्हणजे गेला. तो बिचारा जळतोय आपला ढणढण. पण तिच्यापर्यंत पोचायला नको?"

बचतरावांनी गाडीच्या दिव्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बंद केल्यावरही लुकलुकतात."

"तेही तेच. मधूनमधून ती जरासा करंट सोडून विचारते, आहेस का? बल्बाला पत्ताही लागत नाही, त्याच्याकडून आपसूक उत्तर जातं. एलईडी हलका, तो दचकून पेटतो, आणि उत्तर काही देत नाही. पुन्हा ती विचारते." मास्तरांचा फोन वाजला. "हो, जेवलो," ते फोनमध्ये म्हणाले. "हो, संपवलं सगळं. नाही, ऊन नाही फारसं. एक साहेब आलेत, दिव्यांचं काम आहे. बरं. बरं." फोन खिशात टाकून ते म्हणाले, "घरून. दिवसातून चार वेळा. बोलायला काही नसतं हो, तिला नि मलाही. हं, तर दोन उपाय आहेत. एक सोपा. लॅपटॉप जोडतो आणि गाडीला सांगतो की पार्किंग दिव्यांची चौकशी सोडून दे. पाच मिनिटांचं काम. पुन्हा टुंग नाही, मेसेज नाही, लुकलुक नाही. शांत."

"हेच करा की मग."

"करतो. फक्त एक ध्यानात ठेवा. उद्या दिवा खरोखर गेला तरी ती तोंडातून ब्र काढायची नाही. तिने विचारणंच सोडलेलं असेल." मास्तर लॅपटॉपची वायर सोडवायला लागले. बचतराव गाळ्याच्या दारात उभे होते आणि रस्त्यावरून एक माणूस पाठीवर शिडी घेऊन चालला होता. ती शिडी दिसेनाशी होईपर्यंत ते तिच्याकडे पाहत राहिले. थँक्यू. नाही, ठीक आहे. आलास? तीन दिवसांपासून त्यांच्या घरात टुंग वाजला नव्हता. रविवारी तिने शेवटचं विचारलं होतं, तू आहेस ना इथे, आणि त्यांनी विचारलं होतं, म्हणजे? "नको," ते एकदम म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. "नको मास्तर. चौकशी चालू राहू दे. दुसरा उपाय सांगा."

दुसरा उपाय बोटाच्या पेराएवढा होता, सोनेरी रंगाचा, धातूच्या कवचातला एक रेझिस्टर. दिव्याच्या दोन वायरींना तो समांतर जोडायचा, असे दोन्हीकडे दोन. "हा काय करतो?" बचतरावांनी विचारलं, तसं त्यांना माहीत होतं, पण विचारलं. "काही नाही," मास्तर म्हणाले. "उजेड देत नाही, काही फिरवत नाही, काही वाजवत नाही. साडेचार वॅट खातो आणि तापतो. बस. ते साडेचार आणि दिव्याचा अर्धा मिळून पाच झाले, की गाडी खूश." बचतरावांमधला तपासनीस उसळून उठला. "मग वाचलं काय? पाचाच्या जागी पाच! हे साडेचार वॅट फुकटच गेले की!" मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली डोळ्यांवर आणला आणि प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "साहेब, उजेड पहिल्यापेक्षा चांगला, दिवा वर्षानुवर्षं जायचा नाही. वाचवायचं कुणी सांगितलं होतं तुम्हाला? आणि फुकट कसे गेले? तिला कळलं ना."

मास्तरांनी रेझिस्टर प्लॅस्टिकपासून लांब, लोखंडी पट्टीवर स्क्रूने आवळले, वायरी जोडल्या, वर काळी नळी चढवली. दिवे लावले. पाच-दहा मिनिटं गेली. पडदा कोरा होता. टुंग नाही. बचतराव पुढे झाले आणि मास्तर "हां हां, हात लावू नका, चटका बसेल" म्हणेपर्यंत त्यांनी त्या सोनेरी कवचाला बोट लावलंही. झटकन मागे घेतलं. बोट तोंडात धरून ते उभे राहिले. चांगलंच भाजलं होतं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते सगळंच काही त्यामुळे नव्हतं. एकोणीस वर्षं आपण मन लावून ऐकलं. आपल्याला सगळं आठवतं. मांजराच्या कानावरचा डाग आठवतो. हे तिला कुठून कळणार? तिला आत कुठे दिसतंय? आपण अर्ध्या वॅटात भागवत आलो आणि स्वतःला शहाणे समजत आलो. "बर्फ देऊ का?" मास्तरांनी विचारलं. "द्या," बचतराव म्हणाले, "आणि तुमच्याकडे चहा मिळेल का? थोडं बसतो." हे त्यांना स्वतःलाही अनोळखी वाटलं. पण बसले, आणि मास्तरांचं अर्धं आयुष्य ऐकून घेतलं, आणि मधे मधे "असं?", "मग पुढे?", "काय सांगता!" असं म्हणूनही पाहिलं. अवघड गेलं, पण जमलं. काही झिजलं नाही.

साडेपाचला ते रंगाच्या कारखान्याच्या फाटकाशी गाडी लावून उभे होते. ती रोज कंपनीच्या बसने येत असे. एका माणसासाठी वेगळी गाडी आणणं हे बचतरावांच्या तत्त्वात बसत नव्हतं. याच कारखान्यात त्यांची पहिली गाठ पडली होती. त्यांनी अहवालात लिहिलं होतं की प्रयोगशाळेतला अमुक एक दिवा दिवसभर विनाकारण जळतो, काढून टाकावा, आणि दुसऱ्या दिवशी पांढरा कोट घातलेली एक मुलगी तो अहवाल नाचवत त्यांच्या अंगावर आली होती. "त्या उजेडात मी रंग बघते! तो अर्धा तास तापल्याशिवाय रंग खरा दिसत नाही, कळतंय का तुम्हाला?" काय भांडली होती! आठवून बचतरावांना हसू आलं, आणि मग हसू मावळलं, कारण ती शेवटचं कधी भांडली ते काही केल्या आठवेना. फाटकातून माणसं सुटायला लागली. त्यांना गाडीबाहेर उभं पाहून ती जागच्या जागी थबकली, आणि मग जवळजवळ धावतच आली. "काय झालं? आई बरी आहे ना?"

"सासूबाई ठणठणीत आहेत. सगळे ठणठणीत आहेत. सहज आलो."

"सहज?" तिने त्यांच्या बोटाकडे पाहिलं. "हे काय? भाजलं?"

"बस गाडीत, सांगतो," बचतराव म्हणाले, आणि ती बसल्यावर त्यांनी खरंच सांगायला सुरुवात केली. आधी वाक्यं अडली. कामात नसलेली वस्तू माळ्यावरून काढावी तशी ओढून काढावी लागली. मास्तरांचं सांगितलं, त्यांच्या चष्म्याचं सांगितलं, पुठ्ठ्याच्या कारखान्यातल्या फोरमनचं सांगितलं. आई अंधारात कांदा चिरायची ते सांगितलं, जे एकोणीस वर्षांत सांगितलं नव्हतं. ती पर्स मांडीवर धरून समोर बघत होती. मग ते थांबले. "रविवारी मी म्हणालो, तुला योग्य वाटेल ते कर. ते फार आखडून बोललो मी. तू जाणार म्हटल्यावर माझ्या पायाखालची जमीन सरकली. मला त्या घरात एकट्याने करमणार नाही, मला भीती वाटते. आणि तू ही नवी जागा नाकारलीस तर मी तुला माफ करणार नाही, कारण तुझ्यासारखा पांढरा कुणालाही कळत नाही, आणि तो दिवा निळाच आहे, तू म्हणालीस ते बरोबर होतं. मला हे दोन्ही वाटतं. दोन्हीचं काय करायचं मला कळत नाही. पण वाटतं. तुला माहीत असावं म्हणून सांगतोय, बाकी याचा काही उपयोग नाही."

मग पर्स उघडून तिने ते पत्र काढलं आणि उलटून त्यांच्यासमोर धरलं. मागच्या पानावर एक छापील तक्ता होता. नाव, हुद्दा, रुजू होण्याची तारीख, हे सगळं तिच्या नेटक्या अक्षरात भरलेलं होतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : राहण्याची सोय कशी हवी? पुढे दोन चौकोन होते. एकाखाली 'एकट्यासाठी', दुसऱ्याखाली 'कुटुंबासह'. दोन्ही कोरे.

"रविवारी तुझ्यासमोर ठेवलं होतं," ती म्हणाली. "तू पान उलटलंच नाहीस."

बचतरावांनी दोन्ही चौकोनांवरून भाजलेलं बोट फिरवलं. "विचारायचंस ना," ते शेवटी म्हणाले.

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतास. तू नाही कधी म्हणतोस? आणि मग तीन वर्षं माझ्याबरोबर राहिला असतास, आणि मला शेवटपर्यंत कळलं नसतं की तुला यायचं होतं का." तिने कागद मांडीवर ठेवला. "जायचं तर माझं त्याच दिवशी ठरलं होतं रे. कितींनी जायचं तेवढं ठरत नव्हतं. आज दुपारी मी पहिल्या चौकोनावर पेन टेकवलं होतं."

"मला यायचंय," बचतराव म्हणाले. आणि तेवढ्यावर थांबायची सवय असलेले ते, थांबले नाहीत. "मला यायचंय. कारखाने काय सगळीकडे आहेत, वीज सगळीकडे वाया जाते, माझं कुठेही भागेल. तिथे घर कसलं आहे माहीत नाही, पण असेल तसं असो. मी आधी जाऊन बघून येतो हवं तर. नाही, एकटा नको, दोघं जाऊ. तुला खिडकी उत्तरेची लागते ना, रंगांसाठी? ती बघू. आणि तुझी बहीण येईल राहायला, तिला न्हाणीघरात साधा दिवा लावून देऊ, चालू-बंदवाला. आणि—"

मागून कंपनीच्या बसने हॉर्न दिला. त्यांच्या गाडीने फाटकाचा अर्धा रस्ता अडवला होता. ती रडत होती आणि हसत होती, आणि डॅशबोर्डवर कागद टेकवून दुसऱ्या चौकोनात खूण करत होती, इतकी दाबून की कागदाला भोक पडलं. "चल आता, हाकलतील आपल्याला," ती म्हणाली. "चालवता चालवता बोल."

बचतराव बोलत राहिले. पहिल्या चौकात ती मधेच म्हणाली, "नाही हं, उत्तरेची खिडकी कारखान्यात लागते, घरात नाही," आणि मग त्यावरून दोघांचं चांगलं कडाक्याचं वाजलं, घरात उजेड कुठून यावा, स्वयंपाकघर कुठे असावं, त्यांचं सामान किती न्यायचं आणि किती टाकून द्यायचं. घरापर्यंतचा रस्ता चाळीस मिनिटांचा होता. त्या दिवशी तो त्यांना पुरला नाही.